इंग्रजीची छत्री मिटल्यावर

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत आपण काय काय भरतो! मेतकूट, गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, तीन लिटरचा कुकर, लोकरीचे मोजे, सर्दी-तापाच्या गोळ्या आणि वजनात बसलीच तर लोणच्याची एक बरणी. बॅग तेवीस किलोच्या वर गेली की त्यातलं काय काढायचं यावरून आई-वडिलांत वादही होतात. ही सारी तयारी पोटाची. जिभेला आणखी एक काम असतं, बोलण्याचं. त्याची तयारी मात्र झालेलीच आहे असं आपण धरून चालतो. ‘इंग्रजी उत्तम आहे की त्याचं, मग काळजी कसली?’ असं म्हणून मोकळे होतो.

आज या ‘काळजी कसली’विषयीच लिहायचं आहे. आपली मुलं आता फक्त इंग्रजी बोलणाऱ्या देशांत जात नाहीत. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते आणि तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा क्रमांक पहिला होता. जर्मनीशी आपलं नातं तसं जुनंच आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी-शहरं. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी, त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. म्हणजे पुढच्या काळात पुणे-नाशिकचीच काय, लातूर-सांगलीची मुलंही तिकडे दिसतील. त्यांच्या कागदपत्रांची काळजी घ्यायला माणसं आहेत. पण त्यांच्या संध्याकाळींची काळजी कोण घेणार?

माझी भाची ऑक्टोबर २०२४ मध्ये विनिमय विद्यार्थिनी म्हणून एका वर्षासाठी ट्यूबिंगेनला गेली. नेकार नदीकाठचं हे टुमदार गाव. विद्यापीठ १४७७ सालचं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी दीडशे वर्षं तिथे तास भरत होते! दोन विद्यापीठांत करार असतो, विद्यार्थ्यानं फी आपल्याच विद्यापीठात भरायची आणि तिकडच्या अभ्यासाचे गुण इकडे धरले जायचे, अशी ही पद्धत. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १५०० युरो फी आहे, पण अशा करारानं आलेल्यांना ती पडत नाही. राहण्याखाण्याचा खर्च मात्र आपला.

मी जन्मभर बँकेत खर्डेघाशी केलेला माणूस, त्यामुळे पैशाची बाजू बहिणीनं माझ्याकडे सोपवली होती. जर्मनीत ‘स्पेरकोन्टो’ म्हणून एक प्रकार आहे. वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच एका खात्यात भरायची, आणि खातं असं की पैसे आपले असूनही महिन्याला ठरलेल्या हप्त्यापेक्षा जास्त काढता येत नाहीत. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२ युरो झाली. मला हा प्रकार फार आवडला. एकविसाव्या वर्षी हातात पैसे असावेत, पण एकदम सगळे नसावेत, हे शहाणपण त्यात आहे. माणसांच्या बाबतीत मात्र असं बंद खातं उघडून ठेवण्याची सोय कुठल्याच देशात नाही. तिथे शून्य शिलकीपासून सुरुवात करावी लागते.

गर्दीतला एकटेपणा

पहिला दीड महिना भाचीचे फोन उत्साहानं फसफसत होते. वसतिगृहातल्या सामाईक स्वयंपाकघरात स्पेनची, इटलीची, कोरियाची मुलं. आठ-दहा भारतीयांचा गट, त्यात दोन मराठी. दिवाळीला सगळ्यांनी मिळून चकल्या केल्या. वर्ग इंग्रजीत, मैत्रिणी इंग्रजीत, दुकानातही इंग्रजी चाले. नोव्हेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार पडू लागला आणि तिचा आवाज उतरला. ‘मामा, मी जर्मनीत आहे असं मला वाटतच नाही,’ ती म्हणाली. ‘इथल्या एकाही माणसाशी माझी ओळख नाही. मी विमानतळावर राहत्येय असं वाटतं.’

मला ते विमानतळाचं वर्णन अचूक वाटलं. विमानतळावर सगळं मिळतं, सगळे नीट बोलतात, पण तिथे कुणी कुणाचं नसतं. परदेशी गेलेल्या मुलांचं असंच होतं. परके परक्यांशी मैत्री करतात, कारण सगळेच सारख्याच गरजेत असतात. स्थानिक मुलांना त्यांची गरज नसते. त्यांचे शाळेपासूनचे दोस्त आहेत, शनिवार-रविवार धुण्याची पिशवी घेऊन ती आपल्या गावी जातात. त्यात जर्मन माणसाचा हिशेब वेगळा. ‘ओळखीचा’ आणि ‘मित्र’ या दोन शब्दांत तो मोठं अंतर राखतो. आपल्याकडे गाडीत शेजारी बसलेला माणूस दौंड येईपर्यंत पगार विचारतो. तिकडे वर्षभर शेजारी बसलेला मुलगाही ते विचारणार नाही. याला माणूसघाणेपणा म्हणू नये. मैत्रीला तिथे वेळ लागतो आणि जमली की ती टिकते, एवढाच त्याचा अर्थ.

बरं, भाषा यावी तर बोलायला हवं, आणि बोलायला माणसं हवीत. माणसं मिळावीत तर भाषा हवी. भाचीनं पुण्यात जर्मनच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. पण ती बेकरीत जर्मनमध्ये पाव मागे आणि काउंटरवरची मुलगी तिचा अडखळता उच्चार ऐकून इंग्रजीत उत्तर देई. सौजन्यानंच देई. पण त्या सौजन्यानं दार हळूच लागून जाई. इंग्रजी ही एक छत्री आहे. ती आपल्याला भिजू देत नाही, आणि भिजल्याशिवाय पाऊस काय असतो ते कळत नाही.

इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये तिथली डॉक्टरेट मिळवून परत आल्या. तेव्हाच्या विद्यार्थ्याला जर्मन शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आज जर्मन विद्यापीठांत कितीतरी अभ्यासक्रम इंग्रजीत चालतात. सोय वाढली आणि त्याबरोबर एक वाट बुजली. आता ती आपली आपण शोधावी लागते.

तंजावरचा धडा

याबाबतीत मी भाचीला थोडंफार सांगू शकलो, ते माझ्या तंजावरच्या दिवसांमुळे. १९९३ साली बढतीबरोबर माझी बदली तंजावरला झाली. बढती हवी तर परराज्यात जा, हा सरकारी बँकांचा रिवाज. तंजावरात मराठी बोलणारी घरं आहेत. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागे गेलेल्या लोकांची ही वंशपरंपरा. त्यांची मराठी ऐकताना जुनी बखर उघडल्यासारखं वाटायचं. पहिल्याच आठवड्यात दोन घरांतून जेवणाची आमंत्रणं आली. मनात आणलं असतं तर तीन वर्षं त्या ओसरीवर सुखात काढली असती.

पण शाखेत सोनेतारणावर कर्ज घ्यायला शेतकरी बायका येत. गळ्यातलं काढून काउंटरवर ठेवणाऱ्या बाईशी दुभाष्यामार्फत बोलणं मला जमेना. व्याज किती, मुदत किती, दागिना परत कधी, हे तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं. त्या पाच-सहा वाक्यांपासून माझी तमिळ सुरू झाली. शाखेचा शिपाई माझा गुरू. माझं बोलणं ऐकून बायका पदर तोंडाला लावून हसत, आणि हसून झालं की खरं बोलत. काम संपल्यावर त्या म्हणत, ‘पोयिट्टु वरेन’. म्हणजे ‘जाऊन येते’. आपणही निघताना ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ज्या दिवशी हे माझ्या ध्यानात आलं, त्या दिवशी तंजावर मला परकं राहिलं नाही.

म्हणून मी भाचीला फोनवर सांगितलं, ‘अगं, मैत्रिणी शोधू नकोस. कुणाला तरी तुझं काम पडेल अशी जागा शोध. आणि तिथे जाताना इंग्रजीवरून जाऊ नकोस, मराठीवरून जा.’

मराठीवरून जर्मनकडे

या दुसऱ्या वाक्यावर ती हसली. पण आठवडाभरानं तिचाच फोन आला. इंग्रजी माध्यमात शिकलेली आपली मुलं जर्मन शिकतात ती इंग्रजीच्या खांद्यावर बसून, आणि मग तक्रार करतात की टेबलाला लिंग कशाला हवं? मराठी माणसाला ही तक्रार शोभत नाही. तो दरवाजा, ती खिडकी, ते दार, हे आपण जन्मभर बिनतक्रार म्हणत आलो. जर्मनमध्येही ‘देर, दी, दास’ अशी तीनच लिंगं. मुलगी या अर्थाचा ‘मेडशेन’ हा जर्मन शब्द नपुंसकलिंगी आहे म्हटल्यावर सगळा वर्ग खो खो हसतो. आमच्या मालवणीत विचारतात, ‘तां चेडू खंय गेलां?’ चेडू म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगीच. भाचीच्या आजीनं, म्हणजे माझ्या आईनं, तिला लहानपणी हजारदा असंच हाकारलं होतं.

आकड्यांचं पाहा. इंग्रजी माणूस आधी चाळीस म्हणतो, मग सात. जर्मन म्हणतो ‘सात आणि चाळीस’, आणि आपण म्हणतो सत्तेचाळीस. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आलं तेव्हा आपल्याकडे केवढा वाद झाला होता! जर्मनीत ‘एक आणि वीस’ अजून सुखात नांदतंय. वाक्याची ठेवणही तशीच. ‘वाइल इश म्युडे बिन’ हे जर्मन पोटवाक्य शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणलं तर होतं, ‘कारण मी दमलेली आहे’. एक शब्दही जागचा हलत नाही. इंग्रजीवरून जाणाऱ्याला मात्र तिथे क्रियापद उचलून शेवटी न्यावं लागतं.

आणि ‘दोख’! नकारार्थी प्रश्नाला होकारार्थी उत्तर द्यायचं तर जर्मन माणूस हा एवढासा शब्द वापरतो. इंग्रजीत त्याला धड प्रतिशब्द नाही, पुस्तकं त्यावर अर्धं पान खर्च करतात. मराठीत तो रोजचा आहे. ‘तू अजून जेवली नाहीस?’ ‘जेवले की!’ हा ‘की’ म्हणजेच तो ‘दोख’. भाची म्हणाली, ‘मामा, दोन वर्षं मला न कळलेला शब्द मला आधीपासूनच येत होता.’

केराचा आठवडा

काम पडेल अशी जागा डिसेंबरात सापडली. विद्यापीठाच्या एका सूचनाफलकावर चिठ्ठी होती. ऐंशीच्या घरातल्या एक विधवा बाई, मोठं घर, वरची खोली रिकामी. भाडं कमी, बदल्यात आठवड्याची खरेदी, बागेतली आणि जिन्यावरची कामं. जर्मनीत अनेक शहरांत ही रीत आता रुळली आहे. खोली जितके चौरस मीटर, महिन्याला तितके तास मदत, असा त्याचा सर्वसाधारण हिशेब. बाईंना इंग्रजी येत नव्हतं, हा त्या खोलीचा सगळ्यात मोठा गुण.

पहिल्याच सोमवारी दारावर एक पाटी लटकलेली दिसली. त्या भागात, म्हणजे श्वाबेन प्रांतात, जिना आणि घरापुढचा रस्ता झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्यानं प्रत्येक बिऱ्हाडाकडे फिरते. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी. या पद्धतीचं नाव ‘केरवोखे’. वोखे म्हणजे आठवडा आणि ‘केरन’ म्हणजे झाडणं. आपल्या ‘केरा’शी त्याचं काही नातं नसेल, निव्वळ योगायोगच तो. पण भाचीनं तो शब्द पाठ न करताच खिशात घातला. आणि झाडता झाडता खालच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाशी तिची पहिली जर्मन गप्प झाली. विषय, जिन्याचा चौथा कोपरा नीट निघाला आहे का.

स्वयंपाकघरात तिला सोऱ्या दिसला! श्पेट्सले नावाच्या तिथल्या शेवया करायला बाई सैलसर पीठ सोऱ्यासारख्याच यंत्रातून उकळत्या पाण्यात सोडत. ‘आमच्याकडे हेच तेलात सोडतात,’ हे सांगायला भाचीला वीस मिनिटं लागली, पण बाई थांबून राहिल्या. भाषा शिकवणारा माणूस कसा ओळखावा, तर जो आपलं वाक्य संपेपर्यंत थांबतो तो. व्याकरण तपासणारे खूप भेटतात, थांबणारे थोडे.

सगळं गोडच होतं असं नाही. दुपारी आवाज नको, रविवारी वॉशिंग मशीन नको, काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाका. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पुण्यात वाढलेल्या मुलीला यात नवल वाटायला नको होतं. तरी तिनं दोनदा फोनवर रडून घेतलं. दिवसभर अर्धवट वाक्यांत जगणं दमवतं. आपल्या भाषेत आपण हुशार, विनोदी, हजरजबाबी असतो. परक्या भाषेत आपण पाच वर्षांचं पोर होतो. मोठ्यांना भाषा येत नाही ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे, पुन्हा लहान व्हायची लाज वाटते म्हणून.

फेब्रुवारीत एक घटना घडली. जर्मनमध्ये आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, ‘दू’ आणि ‘झी’. ‘झी’वरून ‘दू’वर यायचं आमंत्रण वडीलधाऱ्यानं द्यायचं असतं. एका संध्याकाळी बाईंनी ते दिलं. वर्गातल्या इतर परदेशी मुलांना त्यात विशेष काही वाटलं नसतं. भाची मात्र गडबडली. ऐंशी वर्षांच्या बाईंना एकेरी हाक? मग तिला आठवलं, आपण आईला ‘तू’च म्हणतो. आजीलाही ‘तू’. ‘अहो’ असतं ते बाहेरच्यांना, सासरच्यांना. ‘मामा, मराठीत विचार केला तेव्हा कळलं, बाईंनी मला आपली म्हटलं होतं.’

मार्चमध्ये एका पहाटे बाई न्हाणीघरात पडल्या. भाचीनं ११२ हा आणीबाणीचा नंबर फिरवला. कुठे, काय झालं, शुद्धीवर आहेत का, श्वास नीट आहे का, असे पलीकडून प्रश्न आले. तिनं जर्मनमध्ये उत्तरं दिली. त्यातल्या किती नामांची लिंगं चुकली हे मोजायला कुणाला वेळ नव्हता. गाडी आली. मांडीचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली. पुढचे दोन महिने भाची रुग्णालय, बाग, जिना आणि विद्यापीठ अशी धावत होती. खालच्या बिऱ्हाडातली बाई तिला डबा देऊ लागली. ज्या गावात नोव्हेंबरात एकही ओळख नव्हती, तिथे आता रस्त्यात थांबवून लोक विचारत, ‘कशी आहे तब्येत त्यांची?’

मधे कुणी नाही

जून २०२५ मध्ये मी तिथे तीन आठवडे गेलो. नेकारवर लांब काठीनं ढकलायच्या चपट्या होड्या फिरत होत्या, काठावर रांगेनं विद्यार्थी पाय सोडून बसलेले. बाई काठी टेकत हिंडू लागल्या होत्या. दुपारी चारला बागेत कॉफी आणि केक. बाई मला काहीतरी विचारत, भाची ते मराठीत सांगे, मी मराठीत उत्तर देई, ती ते जर्मनमध्ये सांगे. बोलणी चालली होती कर्जाचे हप्ते, गुडघे आणि दिवंगत नवऱ्याचे हट्ट यांवर. अर्ध्या तासानं माझ्या लक्षात आलं, या सबंध बोलण्यात इंग्रजीचा एक शब्दही आला नव्हता. कोकणातल्या एका घराची आणि श्वाबेनमधल्या एका घराची ही थेट भेट होती.

भारतातल्या ज्या जर्मन संस्थेला आपण मॅक्सम्युलर भवन म्हणतो, तो मॅक्सम्युलर उभ्या आयुष्यात एकदाही भारतात आला नाही. त्यानं ऋग्वेद छापला, पण चार वाजता इथल्या कुणाच्या ओसरीवर बसून चहा घेतला नाही. त्याच्या विद्वत्तेला माझा नमस्कारच आहे. पण आपली पोरं त्याच्याहून एका गोष्टीत भाग्यवान आहेत. त्यांना जाता येतं. गेल्यावर तिथे पोचणं मात्र त्यांच्या हातात आहे.

तेव्हा ज्यांच्या घरून येत्या सत्रात कुणी निघणार असेल त्यांना या मामाचं सांगणं एवढंच. तिकडच्या आपल्या मंडळींशी संबंध जरूर ठेवा, आजारपणात आणि दिवाळीला तीच लागतात. पण राहायला, काम करायला, गायला, खेळायला अशी एक तरी जागा धरा जिथे आपली कुणाला तरी गरज आहे आणि इंग्रजीची नाही. समोरच्यानं इंग्रजी सुरू केलं तर हसून सांगा, मला तुमची भाषा शिकायची आहे. बहुतेक माणसं खूश होतात. आणि पालकांनी रोज तासभर व्हिडिओ कॉल करून मुलांच्या संध्याकाळी संपवू नयेत. एक रविवार पुरतो.

भाची जुलैच्या अखेरीस परतली. आता दर रविवारी तिला ट्यूबिंगेनहून फोन येतो. माझी बहीण, जिला जर्मनचं अक्षर येत नाही, हातातलं काम टाकून येते आणि आधी गुडघ्याची चौकशी करते. विनिमयाचा आणखी एक हप्ता तिकडूनही फिटतो आहे. बाईंनी आता फोन ठेवताना ‘आउफ वीडरझेन’ म्हणणं सोडलं आहे. त्या म्हणतात, ‘येते’.